काचेवरच्या फुल्या

"अरे, कुठे लपवून ठेवलंयस रे मेल्या?"

मंगळवारी भर दुपारी, आठ-दहा माणसं बसलेल्या खोलीत, पाटीवाली भिंतीवरच्या स्क्रीनशी भांडत होती. स्क्रीन गप्प होता. उत्तर आलं ते शेजारच्या काचेमागून.

"मी? मी तर सकाळपासून इथेच बसलोय."

तिने वळून पाहिलं. कपाळावर सरकवलेलं भिंग, हातात सुईएवढा स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन डोळे... थेट तिच्या चेहऱ्यावर लागलेले.

"तुम्हाला नाही म्हटलं," ती म्हणाली.

"मग ठीक आहे. आज तिघांनी मलाच म्हटलंय, म्हणून विचारलं."

एरवी ती हसली असती. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि उगाच गेली नव्हती.

ते कानाची मशीन बनवणाऱ्या कंपनीचं सेवा केंद्र होतं. तिच्या बाबांच्या कानातलं मशीन शनिवारी एकदा कुईं करून जे बंद पडलं, ते पडलंच. कंपनीचा नियम असा, की आधी वेबसाइटवर तक्रार नोंदवायची, क्रमांक घ्यायचा, मगच काचेमागचा कारागीर मशीनला हात लावणार. रविवार-सोमवार तिने मोबाईलवर डोकं फोडून पाहिलं. मोबाईलवर ते तक्रारीचं बटन दिसतच नव्हतं. म्हणून आज ती दुकान बंद करून इथे आली, तर इथेही भिंतीवर तीच वेबसाइट, फक्त मोठी.

येत्या रविवारच्या आत बाबांना ऐकू यायला हवं होतं. दर रविवारी सकाळी दहा वाजता बाबांच्या जुन्या दोस्ताचा लांबच्या गावाहून फोन यायचा. गेली बावीस वर्षं एकही खाडा नाही. दोघं म्हातारे तासभर एकमेकांची उणीदुणी काढायचे, आणि मग बाबा आठवडाभर खुशीत असायचे. सोमवारी त्या दोस्ताच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की भरवसा देता येत नाही. प्रवास बाबांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. समोरच्याचे ओठ बघून ते निम्मं-अधिक बोलणं समजून घेत, पण दोस्ताकडे होता साधा फोन, आणि साध्या फोनवर ओठ दिसत नाहीत.

तर त्या रविवारसाठी पाटीवाली भांडत होती.

आणि भांडणार नाही तर काय? पाट्या हेच तिचं पोट. इस्पितळं, कचेऱ्या, मोठमोठ्या इमारतींमधल्या दिशा दाखवणाऱ्या पाट्या ती बनवायची. जिना कुठे, तपासणी कुठे, बाहेरची वाट कुठे... घाबरलेल्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. आणि या वेबसाइटवर? वर भलंमोठं 'मदत हवी आहे?' त्यावर बोट ठेवलं की हसऱ्या बाईचा फोटो. फोटोखाली शंभर प्रश्नोत्तरं, त्यातलं एकही आपलं नाही. खरं बटन तळाशी, पांढऱ्यावर करड्या अक्षरांत, मुंगीच्या पावलाएवढं. ते सापडून बोट न्यावं, तोच वरून चौकट टपकायची : आमची सेवा कशी वाटली? पाच तारे द्या!

"खाली... अजून खाली," काचेमागचा कारागीर, म्हणजे कानवाला, सांगत होता. "डावीकडे. फिकट आहे, पण आहे."

"तुम्ही बाहेर येऊन दाखवा ना."

"ग्राहकाचा अर्ज कर्मचाऱ्याने भरायचा नाही. नियम आहे."

"आणि ग्राहकाने वेडं व्हायचं, हाही नियमच आहे का?"

"तो लिहिलेला नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पण सगळे पाळतात."

पुन्हा चौकट टपकली. तिने ती बंद केली, आणि भरलेलं सगळं पुसून पान पहिल्यावर गेलं. बाकावरच्या एक आजी हळहळल्या, "माझंही तिथेच जातं गं बाई."

पाटीवालीचा हात थांबला.

तिच्या धंद्यात एक रीत होती. नवी इमारत मिळाली की आधी पाट्या करायच्याच नाहीत. खडू घेऊन दोन दिवस नुसतं उभं राहायचं, आणि येणारा-जाणारा जिथे थबकेल तिथे जमिनीवर फुली मारायची. जिथे फुल्यांची गर्दी, तिथे पाटी. तिने पिशवीत हात घालून काचेवर चालणारी लाल मेणपेन्सिल काढली आणि त्या टपकणाऱ्या चौकटीवर टचकन फुली मारली. मेणाच्या टोकाला स्क्रीन काही बधला नाही. फुली मात्र ठसठशीत उमटली.

"ओ... ती काच कंपनीची आहे," कानवाला म्हणाला.

"असू दे. फुली माझी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, फुलीकडे पाहिलं, आणि भिंग डोळ्यांवर ओढून कामाला लागला. पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही त्या भिंगाखाली लपलं नाही.

*

बुधवारी ती दार उघडायच्या आधी हजर.

"आज कुणाशी भांडण?" त्याने विचारलं.

"आधी यादी बनवते."

ती बाकाच्या टोकाला बसली आणि एकेका माणसाला स्क्रीनपुढे अडखळताना पाहू लागली. कुणी थबकला की उठून फुली. मशीनची दोनशे चौदा नावं एका यादीत, ना अक्षरांच्या क्रमाने ना सालाच्या, तिथे पाच फुल्या. मशीनचा आकडा चौथ्या पानावर मागायचे, तो मशीनच्या पोटात कोरलेला. कानातून काढून वाचेपर्यंत वेळ संपली, परत पहिलं पान. तिथे सात.

मधूनमधून तिची नजर काचेकडे जायची. प्रत्येक वेळी तो बघतच असायचा. तिला वाटलं, काय आगाऊ माणूस आहे. मग लक्षात आलं, तो सगळ्यांकडेच असा बघतो. आजींशी बोलतानाही मान वर, चेहरा समोर, ओठ नीट उघडत, शब्द सुटे करून. आणि हे लक्षात आल्यावर तिला थोडं वाईट वाटलं, ते का वाटलं हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

"तुम्ही नेहमी असं टक लावून बोलता?" तिने शेवटी विचारलंच.

"सवय. आमच्या आईने कधी माझं ऐकलं नाही... कुणाचंच ऐकलं नाही. जन्मापासून कान नव्हते तिला. तिच्याशी बोलायचं म्हणजे तोंड समोर हवं." तो हातातलं मशीन फिरवत राहिला. "महत्त्वाचं काही असलं की घरात आम्ही आवाजच काढत नसू. नुसते ओठ हलवायचे. अजूनही खरं काही बोलायची वेळ आली की माझा आवाज बंद पडतो."

"म्हणजे आत्ता बोलताय ते खोटं?"

"आत्ता बोलतोय ते... किरकोळ."

तिने मान फिरवली, कारण गाल गरम झाले होते.

तीन वाजता तिची पाळी आली. सगळ्या फुल्या ठाऊक असल्यामुळे ती सरसर पुढे गेली. चौकट चुकवली, यादीत मशीन शोधलं, आकडा हातावर आधीच लिहून आणला होता. शेवटचं पान आलं. खाली दोन बटनं, दोन्ही निळी, दोन्ही सारखी. तिने उजवीकडच्या बटनावर अंगठा ठेवला, कारण पुढे जायचं बटन उजवीकडे असतं, जगात सगळीकडे असतं.

उजवीकडे होतं 'रद्द'.

पडद्यावर अक्षरं आली : तुमचा अर्ज रद्द झाला आहे. हे मशीन पुढील अठ्ठेचाळीस तास नोंदवता येणार नाही.

पाटीवाली तशीच उभी राहिली. पंधरा वर्षं लोकांना वाटा दाखवणारी बाई, आणि स्वतः खड्ड्यात पाय घालून मोकळी. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं, आणि पेन्सिल काढून 'रद्द'वर इतक्या जोरात फुली मारली की पेन्सिलीचं टोकच तुटलं.

"शुक्रवारी तीन वाजता उघडेल," तो हळू म्हणाला. "शुक्रवारी आम्ही पाचपर्यंत असतो. शनिवार-रविवार बंद." मग काचेखालच्या फटीतून एक छोटी पाती पुढे सरकली. "टोक करायला."

तिने पाती घेतली. बोटं बोटांना लागली नाहीत, पण पाती कोमट होती.

*

गुरुवारी तिचं इथे काही काम नव्हतं. तरी ती आली.

"आज का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की बाकावरच्या आजी काचेकडे बघून मग तिच्याकडे बघायला लागल्या.

"फुल्या मारून झाल्या. आता पाटी करायची."

आणि तिने केली. स्क्रीनच्या काचेवरच, लाल मेणाने. एक, दोन, तीन असे ठळक आकडे, एकापासून दुसऱ्याकडे जाणारे बाण, टपकणाऱ्या चौकटीच्या जागी 'इथे हात लावू नका', आणि कडेला 'मशीनचा आकडा आधी कागदावर लिहून घ्या'. शेवटी 'रद्द'वर सगळ्यात मोठी फुली. पान बदललं तरी बाण जागच्या जागी राहत. म्हणून प्रत्येक पानाचे आकडे निराळ्या कोपऱ्यातून सुरू करायची खटपट तिला दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमली.

आजींना चार मिनिटांत क्रमांक मिळाला. कागद हातात धरून त्या स्क्रीनकडे अशा बघत राहिल्या, की जणू तोच त्यांची माफी मागतोय.

"तुम्ही दुकानांच्या काचांवरही लिहिता?" कानवाल्याने विचारलं.

"हो. आतल्या बाजूने, म्हणजे पावसाने जात नाही. उलटी अक्षरं काढावी लागतात. सरावाने येतं."

"मला नाही येणार."

"तुम्हाला सरळ तरी कुठे येतं? तुमचं अक्षर पाहिलंय मी पावतीवर."

"ती वाचता येऊ नये म्हणूनच असते," तो म्हणाला. "कंपनीचं धोरण."

ती मोकळेपणी हसली, बाबांचं मशीन बंद पडल्यापासून पहिल्यांदाच.

*

शुक्रवारी अडीच वाजता मुख्य कचेरीतले साहेब आले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र, आणि चालण्यात घाई. स्क्रीन पाहून त्यांचा चेहरा त्यावरच्या मेणाइतका लाल झाला.

"हे कुणी केलं?"

"मी," पाटीवाली म्हणाली.

"ही कंपनीची मालमत्ता आहे. आणि आमची वेबसाइट लाखो लोक वापरतात. लोकांना नीट वाचायलाच नको असतं, त्याला आम्ही काय करणार?" ते काचेकडे वळले. "आणि तुम्ही हे चालू दिलंत? पुसा ते, आत्ता."

काचेशेजारचं दार उघडलं आणि कानवाला बाहेर आला. चार दिवसांत पाटीवालीने त्याला कमरेपासून वरच पाहिलं होतं. तो उंच होता, आणि त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. अशा वेळी आपण नाडीकडे बघतोय याचा तिला रागही आला.

"मी नाही पुसणार," तो म्हणाला.

"काय?"

"एरवी चार दिवसांत आमच्याकडे जेवढे क्रमांक येत नाहीत, तेवढे काल एका दिवसात आले. तुम्हाला पुसायचं तर पुसा, साहेब. पण मग एक तक्रार तुम्हीच नोंदवून दाखवा. नमुन्याचं मशीन देतो."

साहेबांनी रुमाल काढून सगळं खसाखसा पुसलं. बाण गेले, आकडे गेले, फुल्या गेल्या. मग ते बोट उगारून उभे राहिले. 'मदत हवी आहे?' हसरी बाई. मागे. पुन्हा हसरी बाई. चौकट टपकली, साहेबांनी पाच तारे दिले, तरी पान पहिल्यावर गेलं. दोनशे चौदा नावांत साहेब दोनदा वरून खाली गेले आणि दोनदा खालून वर आले. आकडा वाचेपर्यंत वेळ संपली. पंधराव्या मिनिटाला ते घामेजल्या चेहऱ्याने शेवटच्या पानावर पोचले आणि त्यांनी अंगठा ठेवला. उजवीकडे.

तुमचा अर्ज रद्द झाला आहे.

"मनाला लावून घेऊ नका," आजी समजुतीने म्हणाल्या. त्या आज मशीन न्यायला आल्या होत्या. "सगळ्यांचं असंच होतं."

साहेबांनी खाली वाकून स्क्रीनची वायरच उपटली. "सोमवारी माणूस येईल. तोवर सगळं बंद."

घड्याळात तीनला दहा कमी होते.

"साहेब, माझ्या बाबांच्या मशीनची नोंद तीनला उघडणार आहे," पाटीवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रविवारी त्यांना एक फोन घ्यायचाय. तो सोमवारी घेऊन उपयोग नाही."

"क्रमांकाशिवाय दुरुस्ती होत नाही."

कानवाल्याने तिच्यापुढे हात केला. "द्या इकडे."

"क्रमांक नाहीये," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"त्याला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "लावलात तर लेखी ताकीद. आणि पुन्हा असं काही झालं, तर घरी बसायचं."

"लिहा," कानवाला म्हणाला आणि आत गेला.

खोलीतली सगळी माणसं काचेसमोर येऊन उभी राहिली. त्याने भिंग डोळ्यांवर ओढलं, मशीन उघडलं, दाण्याएवढा एक भाग काढून दुसरा बसवला. साहेब कोपऱ्यात ताकीद लिहीत होते, आणि त्यांच्या रुमालाचं लाल मेण कागदाला लागत होतं.

फटीतून मशीन बाहेर आलं. तिला काहीतरी मोठं, चांगलं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते, "तुमची नाडी सुटलीय."

*

रविवारी दहाला फोन आला. बाबा आणि त्यांचा दोस्त सव्वा तास भांडले. बावीस वर्षांपूर्वीची छत्री नेमकी कुणी हरवली, यावरून. फोन ठेवताना दोस्त म्हणाला, "मंगळवारी उठलो की पुढचं सांगतो." बाबांनी मशीन कानातून काढून रुमालाने पुसलं आणि परत बसवलं. मग म्हणाले, "ठिणगे, ज्याने हे मशीन दिलं त्याला मला भेटायचंय." ठिणगी हे तिचं घरातलं नाव.

मंगळवारी सकाळी दोस्ताच्या मुलाचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आणि म्हाताऱ्याने शुद्धीवर येताच छत्रीचं नाव काढलं होतं. अकरा वाजता बापलेक सेवा केंद्रात पोचले.

कानवाला जागेवर होता. काचेला आतून एक कागद चिकटवलेला, त्यावर लाल डागांसकट साहेबांची ताकीद. आणि स्क्रीन चालू होता. त्यावर लाल आकडे, बाण आणि फुल्या परत उमटलेल्या, पण गिचमिड, वाकड्यातिकड्या अक्षरांत.

"हे कुणी काढलं?" तिने विचारलं.

"मी. माझ्या हिशेबाने चांगलंच आलंय."

"दुसरी ताकीद मिळेल."

"मिळू दे. साहेब सकाळी फोनवर म्हणाले, नवं पान तयार होईपर्यंत राहू द्या. पण मी त्यांना विचारून काढलं नव्हतं, आधीच काढलं होतं."

बाबा पुढे झाले, काचेखालच्या फटीतून त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग थकून ते बाकावर बसले.

आता काचेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. काम काहीच नाही. बोलायचं निमित्तही संपलं. तिने पिशवीचा बंद नीट केला, तो नीटच होता.

"मग... येते मी," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, एकेक शब्द सुटा, नीट, तिच्याकडे बघत. पण आवाज आला नाही.

"काय?"

पुन्हा ओठ हलले. त्याचे कान लाल झाले होते. तिला एक अक्षर कळलं नाही. आणि तेवढ्यात बाकावरून बाबांचा आवाज आला, दुरुस्त मशीनच्या खुशीत जरा जास्तच चढलेला, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा.

"अगं, तो म्हणतोय, तू उद्यापासून आली नाहीस तर मला करमायचं नाही. आणि म्हणतोय, माझ्याशी लग्न करशील का?"

कानवाल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बहिऱ्या आईच्या या मुलाने अख्खा जन्म ओठ वाचणाऱ्यांत काढला, आणि एक ओठ वाचणारा म्हातारा चार हातांवर बसलाय हे साफ विसरला.

"बाबा, तुम्ही बघता कशाला?" ती पुटपुटली.

"सवय आहे," बाबा म्हणाले. "मशीन बंद होतं तेव्हा कुणी तक्रार केली नाही."

पाटीवालीने पिशवीतून लाल पेन्सिल काढली. तिला नीट टोक केलेलं होतं, त्याच्याच पातीने. ती काचेजवळ गेली आणि त्याच्या चेहऱ्यासमोर एक मोठी चौकट काढली. चौकटीत अक्षरं काढली. बाकावरून बघणाऱ्यांना ती उलटी दिसली, आणि त्याला आतून अगदी सरळ.

पुढे.

त्याने तोंडावरचे हात काढले. ती चौकट वाचली, मग तिच्या डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आणि रद्दचं बटन?" त्याने विचारलं, या वेळी आवाजासकट.

"नाही ठेवलं," ती म्हणाली. "लोक चुकून दाबतात."

त्याने आतून त्या चौकटीवर अंगठा ठेवला. तिने बाहेरून, तिथेच.